ह्रस्व एकाराचे मुद्रण आणि कारंजाचे अपभ्रंश ग्रंथ

वाशीम जिल्ह्यातील कारंजा येथील जैन ग्रंथभांडारांमुळे अपभ्रंश वाङ्मयाच्या अभ्यासाला मोठी चालना मिळाली. पुष्पदंताचे ‘जसहरचरिउ’ प. ल. वैद्य यांनी १९३१ मध्ये, तर ‘णायकुमारचरिउ’ हीरालाल जैन यांनी १९३३ मध्ये संपादिले. दोन्ही ग्रंथ कारंजाच्या ग्रंथमालांतून प्रसिद्ध झाले. असे ग्रंथ आज संगणकावर नव्याने जुळविताना जो प्रश्न उभा राहतो, तो वरकरणी केवळ टंकाचा वाटतो. वस्तुतः तो पाठनिर्णयाचा आहे.

अपभ्रंशात व्यंजनानंतरच्या ए व ओ यांचा उच्चार बहुधा लघू होतो, असे बाराव्या शतकात हेमचंद्राने नोंदविले आहे. हस्तलिखितांतील लिपी मात्र हा भेद दाखवीत नाही. दोह्याच्या विषम चरणात १३ व सम चरणात ११ मात्रा असतात. लघू एकार गुरू मानला की विषम चरण १४ मात्रांचा होतो आणि वाचक निर्दोष पाठालाच दुष्ट समजून त्यातील एखादे अक्षर गाळण्यास प्रवृत्त होतो.

देवनागरीच्या युनिकोड तक्त्यात ह्रस्व एकार-ओकारांसाठी ऎ, ऒ ही अक्षरे व ॆ, ॊ ही चिन्हे स्वतंत्रपणे दिलेली आहेत. टंकात ती नसली म्हणजे दिसण्यात जवळचे म्हणून ॅ हे चिन्ह योजण्याचा मोह होतो. पण मराठीत ते ‘बॅट’मधील स्वराचे चिन्ह आहे. कागदावर वेळ निभावेल; शोध, शब्दसूची व छंदोगणना मात्र बिघडेल.

रुमानियन भाषेचा अनुभव येथे उद्बोधक आहे. तिच्या श व त्स या ध्वनींच्या अक्षरांखाली स्वल्पविराम हवा. परंतु संगणकात दीर्घकाळ सेडिला हे आकडीसारखे चिन्ह चालविले गेले. १९९९ च्या युनिकोड ३.० मध्ये स्वतंत्र अक्षरे मिळाली, तरी जुन्या मजकुरातील भेसळ आपोआप नाहीशी झाली नाही.

मात्र हे साम्य फार ताणता येत नाही. रुमानियनमध्ये योग्य अक्षर कोणते याविषयी शंका नसते. चूक फक्त संकेतांकाची असते. अपभ्रंशात ह्रस्वत्व संपादकाने छंदावरून ठरवावयाचे असते. म्हणून सर्वत्र सरसकट ॆ घालणे हेही तितकेच सदोष होय. त्यामुळे संपादकाचा तर्क हस्तलिखिताची साक्ष म्हणून मिरवू लागतो.

यास्तव मूलानुसारी प्रतिलेखनात हस्तलिखितातील एकार तसाच राखावा, चिकित्सक पाठात ह्रस्वचिन्ह द्यावे, आणि शोधव्यवस्थेने दोन्ही रूपे एकत्र हुडकावीत. टंकाची निवडही या चिन्हांची परीक्षा करूनच व्हावी. मात्रा मोजणाऱ्या वाङ्मयाच्या बाबतीत अक्षरजुळणी हा संपादनाचाच भाग आहे. तो जुळाऱ्यावर सोपवून संपादकाला मोकळे होता येणार नाही.