व्हर्सायचा गुलाब आणि सुईदोरा

चित्रकथा हा पोरासोरांचा खाऊ आहे, आणि मोठ्या माणसाने, त्यातून बाईमाणसाने, तो चाखत बसणे हे काही बरे लक्षण नव्हे, असे आपल्याकडे फार पूर्वीच ठरून गेले आहे. कोणी ठरवले ते विचारू नये. ‘चांदोबा’ आणि ‘अमर चित्र कथा’ यांवर आपल्या दोन-तीन पिढ्या पोसल्या. पण सातवी ओलांडली की ती पुस्तके माळ्यावर जातात आणि त्यांच्याविषयीचे प्रेमही त्यांच्याबरोबर माळ्यावर जाते. ज्या बाईचे ते जात नाही, तिच्याविषयी घरात दबक्या आवाजात बोलले जाते. आणि ती जर आपल्या आवडत्या पात्राचा पोशाख शिवून, तो अंगावर चढवून चारचौघांत जाऊ लागली, तर मग आवाज दबकाही राहत नाही.

या उद्योगाला हल्ली ‘कॉस्प्ले’ म्हणतात. दोन इंग्रजी शब्द जपान्यांनी आपल्या जिभेला मानवतील असे छाटून जोडले, आणि १९८० नंतरच्या दशकात टाकाहाशी नोबुयुकी यांच्या लेखणीतून तो शब्द रूढ झाला. उद्योग मात्र शब्दाहून जुना. १९३९ साली न्यूयॉर्कला विज्ञानकथाप्रेमींचे पहिले जागतिक संमेलन भरले, तेव्हा मर्टल डग्लस नावाच्या बाईंनी मासिकांतल्या चित्रांवरून भविष्यकाळचे पोशाख शिवले. एक स्वतः घातला, दुसरा मित्राला दिला. पुढे कित्येक वर्षे नाव गाजले ते मित्राचे. शिवणाऱ्या बाईचे नाव मागाहून शोधून काढावे लागते, ही रीत काही एकट्या न्यूयॉर्कची नव्हे.

हा सगळा प्रपंच मांडला तो एका पुस्तकासाठी. ‘व्हर्सायचा गुलाब’ ही जपानी चित्रकादंबरी १९७२-७३ मध्ये ‘मार्गारेट’ या मुलींच्या साप्ताहिकात क्रमशः आली. तिची लेखिका आणि चित्रकर्ती रियोको इकेदा ही त्या वेळी अवघी चोवीस वर्षांची होती. इतिहासाची गोष्ट मुलींना रुचणार नाही, असे संपादकांचे म्हणणे होते. शाळेत असताना स्टीफन झ्वाइगने लिहिलेले मारी आंत्वानेतचे चरित्र वाचून तिच्या मनात या कथेचे बीज पडले होते, आणि तिने आपला हेका सोडला नाही. २०२० पासून ही कादंबरी इंग्रजीत पाच जाड खंडांत मिळू लागली, आणि माझ्यासारख्या शाळकरी इंग्रजीवर गुजराण करणारीलाही ती शब्दकोश उशाशी घेऊन वाचता आली. चित्रकथेचा हा एक मोठा गुण आहे: शब्द अडला तरी चेहरा अडत नाही.

कथा फ्रान्सच्या राज्यक्रांतीची. राणी मारी आंत्वानेत, तिचा स्वीडिश प्रियकर फेर्सेन, हिऱ्यांच्या हाराचे ते कुप्रसिद्ध प्रकरण, हे सगळे इतिहासातले. त्यात इकेदाने आपल्या मनचे एक पात्र घातले. सेनापती जार्जे यांना एकामागून एक मुलीच झाल्या. शेवटची जन्मली तेव्हा त्यांनी तिला मुलगा म्हणून वाढवायचे ठरवले, नाव ठेवले ओस्कार, आणि तलवार हाती दिली. ती राणीच्या रक्षकदलाची अधिकारी होते. दाईचा नातू आंद्रे तिच्याबरोबर लहानाचा मोठा होतो, तिच्या घोड्याची निगा राखतो आणि मुकाट्याने तिच्यावर प्रेम करतो. कादंबरी सुरू झाली ती राणीची म्हणून. पण थोड्याच दिवसांत वाचकिणींनी आपला कौल ओस्कारच्या पदरात टाकला. लेखिकेच्या हातून पात्र निसटून वाचकांच्या घरी राहायला गेले, असे क्वचितच इतके उघड दिसते.

आता टीकाकाराचे काम. या पुस्तकातले दोष डोळ्यांवर येण्याइतके मोठे आहेत. योगायोगांची रेलचेल तर आपल्या जुन्या बोलपटांना लाजवील अशी: पॅरिसच्या गल्लीतली उपाशी पोर एका मोठ्या सरदारणीची हरवलेली लेक निघते. ज्या भुकेने क्रांती पेटवली ती भूक पुष्कळ पाने राजवाड्याच्या खिडकीतूनच दिसते. ओस्कारच्या मृत्यूनंतर जो राणीच्या कैदेचा आणि वधाचा भाग येतो, तो इतिहास म्हणून चोख. पण कथेतला प्राण आधीच निघून गेल्यासारखा वाटतो. आणि डोळे! एकेका डोळ्यात पाच-पाच चांदण्या. पहिल्या पन्नास पानांत मला वाटले, हे काही आपल्याच्याने पुरे व्हायचे नाही.

पण मग त्या चित्रांची चाल कळू लागते. या कथेत पानावरच्या चौकटी सरळ उभ्या राहतच नाहीत. मनात काही हलले की चौकटीची भिंत पडते, आणि मागे गुलाबच गुलाब फुलतात. ते कोणत्याही बागेतले नसतात. एखादे मुख सबंध पान व्यापते आणि काळ थांबतो. हे पाहून ज्याला हसू येते त्याने आपले संगीत नाटक आठवावे. प्रवेश रंगात आला असता नायिका पुढे येते, पेटीचा सूर लागतो, आणि संवाद जागच्या जागी थिजून पद सुरू होते. ‘या बाई आताच का गाताहेत?’ असे आपल्या आजोबांपैकी कोणी विचारले नाही. वन्समोअर मात्र दिला. इकेदाचे गुलाब ही पदेच आहेत. भावना बोलून संपत नाही तेथे ती फुले काढते.

आणि एका प्रसंगात तिने जी करामत केली आहे, तिच्यासाठी मी तिचे सगळे योगायोग माफ करीन. ओस्कारचे फेर्सेनवर मन बसते. तो तिला जिवाभावाचा मित्र मानतो, त्यापलीकडे नाही. तेव्हा ती आयुष्यात एकदाच स्त्रीचा वेष करते. घोळदार झगा घालून, केस बांधून, परदेशी सरदारीण म्हणून नृत्याला जाते आणि त्याच्याबरोबर नाचते. तो तिला सांगतो की, तुम्हाला पाहून मला माझ्या एका मित्राची आठवण होते. वाचकाने येथे क्षणभर थांबावे. जन्मभर घातलेला सैनिकी डगला हे सोंग नव्हते. हा झगा हे सोंग आहे! बाईने बाईचा वेष घेतला आणि तो वेषांतर ठरला. आपल्या ‘मानापमाना’त भामिनी वनमाला होऊन धैर्यधराजवळ जाते, त्याची मला येथे राहून राहून आठवण आली. तेथेही वेष बदलल्यावाचून मन कळत नाही. पण भामिनीला अखेर आपले रूप आणि आपला धैर्यधर दोन्ही मिळतात. ओस्कार झगा उतरवते आणि पुन्हा म्हणून घालीत नाही.

पुढे बापाला पश्चात्ताप होतो. मुलीचे आयुष्य आपण बिघडवले असे वाटून तो तिचे लग्न जमवू पाहतो. तेव्हा ती त्याला विचारते की, इतर बहिणींसारखी वाढले असते तर मलाही पंधराव्या वर्षी देऊन टाकले असते का? तो होय म्हणतो. आणि ती त्याचे आभार मानते. बापाने आपल्या हौसेसाठी अंगावर चढवलेला पोशाख तिने वापरून वापरून स्वतःच्या मापाचा केला आहे. हा प्रसंग १९७३ च्या आसपास शाळेच्या दप्तरात लपवून वाचणाऱ्या जपानी मुलीला काय वाटले असेल, याची कल्पना करायला जपानी यावे लागत नाही.

१९७४ साली तकाराझुका मंडळीने ही कथा रंगभूमीवर आणली. हे नाव मराठी वाचकाने लक्षात ठेवावे, कारण तेथे सर्व भूमिका स्त्रियाच करतात, पुरुषांच्याही. ही मंडळी १९१३ साली निघाली. त्याच साली इकडे गंधर्व नाटक मंडळी निघाली, हा केवळ योग. पण मोठा मजेदार योग. आपल्याकडे नारायणराव राजहंस रुक्मिणी नि सिंधू होत होते आणि घरंदाज बायका त्यांच्या शालूची नेस आणि अंबाड्यावरचा गजरा पाहून घरी तसे करीत होत्या. तिकडे मुली उंच टाचांचे बूट घालून राजबिंडे पुरुष होत होत्या आणि समोर बसलेल्या बायका त्यांच्यावर जीव टाकीत होत्या. कथा रंगमंचावर येणार म्हटल्यावर पुष्कळ वाचकिणी रागावल्या. आमच्या ओस्कारला हाडामांसाचे कोणी हात लावू नये, असे त्यांचे म्हणणे. दिग्दर्शनाला बसवले हासेगावा काझुओ या मातब्बर चित्रपटनटाला. हा गृहस्थ लहानपणी काबुकीत स्त्रीपार्ट करीत असे. बाई कशी दिसावी हे ज्याने आपल्या अंगावर शिकून घेतले, त्याने आता पुरुष कसा दिसावा हे बायकांना शिकवले. पुस्तकातल्या त्या चांदण्या डोळ्यांत उतराव्यात म्हणून नजर प्रेक्षागृहात नेमकी कोठून कोठे न्यायची, म्हणजे दिवे बुबुळांत चमकतील, हेही त्याने सांगितले म्हणतात. नाटक तुफान चालले आणि ते पुढे पुन्हा पुन्हा होत राहिले. १९७५ च्या डिसेंबरात तोक्योत चित्रकथाप्रेमींचा जो पहिला हौशी बाजार भरला, त्यात सातशेच्या आसपास माणसे आली, आणि त्यांत बहुतेक शाळकरी मुलीच होत्या.

म्हणजे कॉस्प्ले करणाऱ्या बाईमागे एवढी परंपरा आहे. आमच्या घरीही अशी एक आहे: माझी भाची. बँकेत नोकरीला आहे, आणि गेल्या वर्षी तिने ओस्कारचा डगला शिवायला काढला. रविवार पेठेतून लेस आणि पितळी बटणे आली, दिवाणावर कापडाचा ढीग पडला, आणि ताईचा पट्टा सुरू झाला. “लग्नाला आली मुलगी, आणि हे काय थेर? पाहायला येणारे काय म्हणतील?” भाचीने वर न पाहता विचारले, “मावशी, डगल्याला मागून शिवण कुठे असेल गं?”

हा प्रश्न माझ्या डोक्यात बसला. मी सगळे खंड वाचले होते, वहीत टिपणे काढली होती. पण ओस्कारची पाठ मी पाहिली नव्हती. चित्रकार डगला समोरून काढतो, फार तर तिरका. पाठीचे काय, अस्तराचे काय, कोपर वाकल्यावर कापड कोठे ओढले जाते, आणि पाने तर बहुतेक काळीपांढरी, तेव्हा रंग कोणता? यांतला एकेक निर्णय शिवणारीला स्वतः करावा लागतो. तो करायचा तर पात्राच्या अंगात शिरावे लागते. जाणकार म्हणतात की ओस्कारचा गणवेश तिच्या काळचा नव्हेच, नंतरच्या, नेपोलियनच्या काळच्या धाटणीचा आहे. मी हे मोठ्या तोऱ्यात भाचीला ऐकवले. ती म्हणाली, “मला फ्रान्सची शिपाईण व्हायचं नाहीये, ओस्कार व्हायचंय.” आमच्या टीकावाङ्मयात कलाकृतीच्या स्वायत्ततेवर पानेच्या पाने लिहिली गेली, तिने ते तोंडात टाचण्या धरून सांगितले.

वेष घेणे आपल्याला नवे आहे असेही नाही. दारावर बहुरूपी येत, कोकणात दशावतार अजून रंगतो, आणि शाळेतल्या वेशभूषा स्पर्धेत दरसाल माझ्यापुढे दहा जिजाऊ, आठ सावित्रीबाई आणि बारा झाशीच्या राण्या उभ्या राहतात. त्या थोर स्त्रियांविषयी माझ्या मनात पूर्ण आदर आहे. पण कोणी काय व्हायचे ते आईने नि आम्ही बाईंनी ठरवलेले असते, भाषण पाठ करून घेतलेले असते, आणि राणीची तलवार पुठ्ठ्याची असली तरी उपदेश मात्र पोलादी असतो. बारातल्या एखाद्या राणीला खरोखर काय व्हायचे होते, हे आम्ही विचारीत नाही. म्हणून पंचविशीतली बाई आपल्या पगारातून, आपल्या रविवारी, आपण निवडलेले पात्र होऊ लागते तेव्हा आपण गडबडतो. त्यातून कोणता बोध घ्यायचा तेच कळत नाही! बँकेत कोणी हिच्या गणवेशाला हरकत घेत नाही. हरकत आहे ती हिने स्वतः निवडलेल्या गणवेशाला. ओस्कारला हे भाषांतरावाचून समजले असते.

ओघात सांगण्याजोगे एक: इकेदाबाईंनी सत्तेचाळिसाव्या वर्षी, १९९५ साली, तोक्योच्या संगीत महाविद्यालयात विद्यार्थिनी म्हणून नाव घातले आणि पुढे त्या व्यासपीठावर गाऊ लागल्या. २००९ साली फ्रेंच सरकारने त्यांना मानाची पदवीही दिली. आपल्या राणीचा शिरच्छेद इतक्या प्रेमाने काढल्याबद्दल असावी.

कादंबरीच्या शेवटाकडे, १७८९ च्या जुलैत, ओस्कार सरदारकी सोडते, जमीनजुमला सोडते, छातीवरचे मानचिन्ह काढून टाकते आणि आपल्या शिपायांसह लोकांच्या बाजूला जाते. १३ तारखेला आंद्रे पडतो, १४ ला बास्तीयसमोर ती. चित्रांत हे फार झपाट्याने येते. त्या पानांवर गुलाब फारसे नाहीत. भाचीचा डगला पुरा झाला तेव्हा मी तो हातात घेऊन पाहिला. रंग तिने निळा धरला होता. पाठीची शिवण सरळ मधोमध होती, खांद्यावरची झालर पक्की टाचलेली, बटणे दुहेरी दोऱ्याने. छातीवरचे पदक तेवढे सैल लागले म्हणून मी सुई मागितली. ती म्हणाली, “राहू दे मावशी, ते मुद्दाम टिचबटणावर बसवलंय. ओढलं की निघायला हवं.”