रंगवलेले साम्राज्य आणि मोकळा कागद

इतिहासाचा ग्रंथ वाचताना चोखंदळ वाचक पदोपदी शंका घेतो; परंतु त्याच ग्रंथातील नकाशासमोर तो निमूट होतो. गद्यात ‘बहुधा’, ‘असावे’, ‘असे मानतात’ या शब्दांचा आधार घेता येतो. नकाशावर रेषा एकदा ओढली की ती निःशंकच दिसते. प्राचीन संस्कृतींचा परिचय करून घेण्यासाठी ऐतिहासिक नकाशासंग्रहासारखे दुसरे साधन नाही, हे मान्य करूनही त्या साधनाची परीक्षा कशी करावी, एवढाच प्रश्न आम्ही येथे विचारात घेत आहोत.

चार्ल्स जॉपेन या येशू संघाच्या धर्मगुरूंचा भारताचा ऐतिहासिक नकाशासंग्रह १९०७ साली निघाला. त्यात हडप्पा संस्कृती शोधणे व्यर्थ आहे. हडप्पा येथील उत्खनन १९२१ साली सुरू झाले आणि या संस्कृतीच्या शोधाची वार्ता सर जॉन मार्शल यांनी जगाला दिली ती १९२४ साली. सी. कॉलिन डेव्हिस यांचा आटोपशीर संग्रह १९४९चा. तोपर्यंत लोथल उजेडात आले नव्हते, धोळावीराही नव्हते. म्हणजे ऐतिहासिक नकाशा दोन काळ सांगतो. एक, तो ज्या काळाविषयी आहे तो. आणि दुसरा, तो ज्या वर्षी छापला गेला ते. दुसऱ्या काळाकडे आपले सहसा लक्ष जात नाही.

अशोकाच्या साम्राज्याचा शालेय पुस्तकांतील नकाशा घ्या. हिंदुकुशापासून म्हैसूरच्या पठारापर्यंत एकच रंग, भोवती एक ठळक रेषा. या रेषेचा पुरावा म्हणजे प्रामुख्याने शिलालेखांची स्थाने: गिरनार, धौली, शाहबाजगढी, सोपारा, ब्रह्मगिरी. मस्कीचा लेख १९१५ साली सापडला, तर कंदहारचा ग्रीक-अरामी द्वैभाषिक लेख १९५८ साली. हे सारे बिंदू आहेत. बिंदू जोडून सीमा काढणे आणि आतला प्रदेश सरसकट रंगविणे, हे नकाशाकाराचे अनुमान होय. खुद्द तेराव्या शिलालेखात राजा आपल्याच राज्यातील अटवीजनांना, म्हणजे वनवासी लोकांना, सबुरीबरोबरच दटावणीही देतो. राज्याच्या आत असूनही ज्यांच्यावर हुकमत पुरती बसलेली नव्हती, असे लोक होते हे राजाच सांगतो. नकाशाचा रंग मात्र ते झाकून टाकतो.

ज्यांची सारी नोकरी जमिनीच्या अभिलेखांत गेली, त्या आम्हांस ही गोष्ट विशेष खटकते. गावची शीव ठरते ती मोजणीने, हद्दीच्या दगडांनी आणि दोन्ही गावांच्या पंचांसमक्ष. मौर्यांच्या सीमेवर असा दगड कोणी रोवला नव्हता. राजसत्ता तेव्हा नगरांत, व्यापारी मार्गांवर आणि सुपीक खोऱ्यांत दाट असे, तर अरण्यात विरळ. रेषेऐवजी छटा अधिक खरी ठरली असती.

सिंधुसंस्कृतीच्या बाबतीत हा दोष आणखी वाढतो. तिची स्थळे हजाराहून अधिक आहेत. उत्तरेस अफगाणिस्तानात आमू दर्याजवळ शोर्तुगाई, पश्चिमेस मकरानच्या किनाऱ्यालगत सुत्कागेन-दोर. दक्षिणेस प्रवरेकाठच्या दायमाबादेत उत्तर-हडप्पा टप्पा उत्खनकांनी नोंदविला आहे. तेथे १९७४ साली सापडलेल्या कांस्यमूर्तींच्या काळाविषयी तर अभ्यासकांत मतभेदच आहेत. या साऱ्यांवर एकच रंग फिरवला की वाचकास एखादे विशाल राज्य दिसू लागते. वस्तुतः येथील एकाही राजाचे नाव आपणांस ठाऊक नाही आणि लिपीचे सर्वमान्य वाचन झालेले नाही.

मग चांगला नकाशासंग्रह कोणता? ग्रीक-रोमन जगाविषयीचा, रिचर्ड टॅल्बर्ट यांनी संपादित केलेला ‘बॅरिंग्टन’ संग्रह २००० साली प्रसिद्ध झाला. त्यात स्थळाचा काळ नावाखालच्या रंगीत रेघेने कळतो, अनिश्चित स्थाननिश्चितीपुढे प्रश्नचिन्ह असते आणि प्रत्येक नावाचा आधार सोबतच्या सूचीत मिळतो. भारताच्या वाट्याला मात्र त्यात लहान प्रमाणावरचा नकाशाच आला आहे.

आपल्याकडील उणीव जोसेफ श्वार्ट्झबर्ग यांच्या १९७८ सालच्या दक्षिण आशियाच्या संग्रहाने मोठ्या प्रमाणात भरून काढली. राजवंशांबरोबर धर्म, भाषा, लोकवस्ती यांनाही त्यांनी नकाशावर जागा दिली. त्याचा आवाका थोर आहे. परंतु एवढ्या विस्तारात एकेका स्थळाला मिळणारी जागा अपुरी पडते. इरफान हबीब व फैझ हबीब यांचा प्राचीन भारताचा संग्रह (२०१२) व्याप्तीने लहान, पण नकाशासोबतच्या टिपणांमुळे आम्हांस अधिक विश्वसनीय वाटतो. बिंदू तेथेच का दिला, हे वाचकास तपासून पाहता येते.

या तपासणीचे मोल आपल्याच भूमीवरील एका उदाहरणाने कळेल. ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात पैठण भडोचच्या दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर आणि तगर तेथून पूर्वेस दहा दिवसांवर सांगितले आहे. तगर म्हणून देवगिरी, जुन्नर, कोल्हापूर अशी निरनिराळी गावे सुचविली गेली. अखेर फ्लीट यांनी १९०१ साली ते धाराशिव जिल्ह्यातील तेर असल्याचे दाखविले. आज नकाशावर तेरचा टिंब निर्विवाद दिसतो. त्यामागचा वाद टिपणाशिवाय कसा कळावा?

सीमाभागात राहणाऱ्या आम्हां मंडळींस हा प्रश्न केवळ विद्वत्तेचा नाही. १९५६च्या राज्यपुनर्रचनेपासून नकाशावरील रेषेचे मोल आम्ही जाणतो. म्हणूनच चालुक्यांचा वा राष्ट्रकूटांचा रंगीत नकाशा उंचावून आजचा हक्क सांगू पाहणारा, मग तो कोणत्याही बाजूचा असो, आम्हांस पटत नाही. लोकांचा हक्क त्यांच्या आजच्या भाषेवर आणि इच्छेवर उभा राहावा; हजार वर्षांपूर्वीच्या अनुमानित रेषेवर नव्हे. बेळगावलगत वडगाव-माधवपूर येथे सातवाहनकालीन वस्तीचे अवशेष निघाले. तेथील माणसे काय पिकवीत, कोणाशी व्यापार करीत, हे विचारण्यात जो लाभ आहे तो ती वस्ती कोणत्या रंगात पडते याच्या वादात नाही.

मराठीत असा नकाशासंग्रह व्हावा, ही आमची इच्छा आहे. त्यात रंग कमी असावेत, टिपणे भरपूर असावीत, प्रत्येक पानावर पुराव्याचे वर्ष असावे. आणि जेथे माहिती नाही तेथील कागद निःसंकोच मोकळा सोडलेला असावा.