लॉख नेआ सरोवराचे जुने नकाशे व त्यांचें प्रामाण्य

आयर्लंडच्या ईशान्येस लॉख नेआ नांवाचें सुमारें ३९२ चौरस किलोमीटर विस्ताराचें सरोवर आहे. त्याच्या कांठच्या ग्रामीण मुलखाची मोजणी ऑर्डनन्स सर्व्हे या सरकारी खात्यानें १८३० नंतरच्या दशकांत करून मैलास सहा इंच या प्रमाणाचे नकाशे छापिले. संग्राहकांत या नकाशांस मोठा मान आहे व तो रास्तच आहे. मात्र ते कशाचा पुरावा आहेत व कशाचा नाहींत, हें ठरविल्यावांचून त्यांवर विसंबणें धोक्याचें होय.

टॉमस कोल्बी यांच्या देखरेखीखालीं १८२५ मध्यें सुरू झालेल्या या मोजणीचा हेतु स्थानिक कराची आकारणी न्याय्य व्हावी हा होता. त्यासाठीं ‘टाउनलँड’ या लहान भूविभागांच्या हद्दी निश्चित केल्या गेल्या. म्हणून हद्दींपुरते हे नकाशे अव्वल साधन होत. पण या भागाच्या पहिल्या आवृत्तींत समोच्च रेषा नसल्यामुळें उंचसखलपणाविषयीं ते फारसें सांगत नाहींत. शिवाय सरोवराचा किनारा पांच जिल्ह्यांत विभागलेला, आणि नकाशे जिल्हावार निघालेले. त्यामुळें एका जिल्ह्याचा संच पुरा असला तरी सरोवर पुरें होत नाहीं.

सर्वांत मोठा प्रमाद घडतो तो किनाऱ्याच्या रेषेविषयीं. सरोवरांत अनेक नद्या मिळतात, पण पाणी बाहेर जाण्यास लोअर बान ही एकच वाट. १८४७ ते १८५८ या काळांत मॅकमोहन यांच्या योजनेनें पाण्याची पातळी उतरविण्यांत आली; विसाव्या शतकांतही ती पुन्हां उतरविली गेली. अर्थात् पहिल्या आवृत्तींतील किनारा व पुढील सुधारित आवृत्तींतील किनारा एक नव्हे. जुन्या दस्तऐवजांतील ‘कांठापर्यंत’ ही हद्द जो सुधारित नकाशावरून ठरवील, तो पाण्याखालची जमीन कोणाच्या तरी पदरांत घालील.

नांवांविषयींही सावधगिरी हवी. १८३० पासून जॉन ओडोनोव्हन यांनीं या कामीं परिश्रम केले. खात्याच्या नामवह्यांत एकेका नांवाचीं निरनिराळीं रूपें आधारांसह नोंदलेलीं आहेत. नकाशावर मात्र इंग्रजी वळणाचें एकच रूप छापिलें गेलें. खुद्द सरोवराच्या नांवाचा मूळ अर्थ ‘एओखूचें सरोवर’ असा आहे. छापील रूपांत तो एओखू ओळखूं येत नाहीं.

तात्पर्य, संग्राहकानें आधीं समासांतील मोजणीचें व छपाईचें वर्ष वाचावें, मग नकाशा. समास छाटून चौकटींत बसविलेला ताव भिंतीस शोभा देईल; पुरावा म्हणून त्याची किंमत फार थोडी.