पडद्यापुढचे कांतार

कोंकणी तियात्राविषयी मराठी रसिकांचा एक आक्षेप ठरलेला असतो. कथानक रंगात आले की पडदा पडतो आणि कोणी गायक पुढे येऊन कथेशी सुतराम संबंध नसलेले ‘कांतार’ म्हणून जातो. आम्हांला मात्र हा दोषच या नाट्यप्रकाराचा प्राण वाटतो.

लुकाझिन्यो रिबेरो यांचे ‘इटालियन भुरगो’ हे पहिले तियात्र गोव्यात नव्हे, मुंबईत रंगभूमीवर आले. १७ एप्रिल १८९२ रोजी, पास्काच्या रविवारी. मुंबईतले गोवेकर म्हणजे पोटासाठी गाव सोडलेले आचारी, वादक, खलाशी. पुष्कळांचा मुक्काम धोबीतलावाच्या बाजूस ‘कुडी’त असे. एकेका गावाची एकेक कूड. भिंतीशी ट्रंका, एका टोकाला वेदी, संध्याकाळी जपमाळ, आणि गावच्या आश्रयदात्या संताचा सणही तेथेच. बोट मिळेपर्यंत दर्यावर्दी तेथे थांबे. अशा माणसाला घरची गोष्ट सलग कळणार कशी? एका पत्रापासून दुसऱ्या पत्रापर्यंत ती थबकलेली असे आणि मधल्या काळात शहराचा गलबला चाले. तियात्राचे पडदे आणि त्यांमधली कांतारे यांची बांधणी नेमकी अशीच आहे. ती नाट्यशास्त्राच्या फूटपट्टीने मोजणे आम्हांस न्याय्य वाटत नाही.

अर्थात सर्वच तियात्रांना आम्ही हे श्रेय देणार नाही. पुष्कळांत गाव म्हणजे सोशिक आई आणि परगाव म्हणजे दारू व दुर्वर्तन. शेवटच्या पडद्यात उधळा पुत्र परततो, प्रेक्षागृह रुमाल शोधते. हे अश्रू स्वस्त आहेत. ‘पाय तियात्रिस्त’ म्हणून गौरविलेले जुवांव आगुस्तीन फर्नांडिस यांनी १९०४ सालच्या ‘भाटकार’मध्ये या हळवेपणाच्या मुळालाच हात घातला. मुंडकाराचे घर भाटकाराच्या जमिनीवर. धन्याची मर्जी फिरली की चूल उचलायची. (बेदखलीविरुद्ध मुंडकार संरक्षण कायदा आला तो १९७५ साली.) मग कुडीतला माणूस ज्या घरासाठी झुरत होता, ते मुळात त्याचे होते काय?

हा प्रश्न आम्हा वसईकरांना परका नाही. आमच्या धर्मग्रामांतही सणानिमित्त नाटके होतात. परदेशी गेलेल्या मुलाची वाट पाहणारी आई त्यांत हटकून भेटते. वाडी विकून तिच्यावरच उभ्या राहिलेल्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावरून आपली बुजलेली बावखल शोधणारा बाप मात्र रंगमंचावर आम्ही अजून पाहिलेला नाही.