बखाचा स्वभाव कोणी ठरवला?

कादंबरीतील पात्राचा स्वभाव चार अक्षरांत सांगण्याची रीत अलीकडे विद्यार्थ्यांत चांगलीच रूढ झाली आहे. माणूस अंतर्मुख की बहिर्मुख, तपशिलावर विसंबणारा की अंतःस्फूर्तीवर, विचारप्रधान की भावनाप्रधान, निर्णय करून मोकळा होणारा की पर्याय खुले ठेवणारा, अशा चार जोड्या. आणि त्यांतून निघणारे १६ प्रकार. मुल्कराज आनंद यांची १९३५ साली प्रसिद्ध झालेली 'अनटचेबल' ही कादंबरी शिकवताना बखा या नायकालाही हे माप लावलेले दिसते. उत्तर बहुधा ठरलेले असते: बखा अंतर्मुख आहे, भावनाप्रधान आहे, संघर्ष टाळणारा आहे.

हे उत्तर हसून बाजूला सारण्याजोगे नाही. प्रस्थापित समीक्षेने बखाकडे दीर्घकाळ 'प्रातिनिधिक पात्र' म्हणूनच पाहिले. तो समाजाच्या दुःखाचे प्रतीक ठरला, करुणेचा विषय ठरला. पण त्याला स्वतःचा असा काही स्वभाव आहे काय, हे विचारण्याची गरज फारशी कोणाला वाटली नाही. हॅम्लेटच्या मनाचा तळ शोधायचा आणि बखाच्या वाट्याला फक्त परिस्थिती द्यायची, ही समीक्षेतील वर्णव्यवस्थाच होय. तेव्हा बखाचा स्वभाव विचारणारा विद्यार्थी निदान त्याला मन आहे हे गृहीत धरतो. प्रश्न योग्यच आहे. तपासायचे आहे ते माप.

कादंबरी एका दिवसाची आहे. बखा १८ वर्षांचा, संडास साफ करणारा तरुण. सकाळी तो आपले काम झपाट्याने आणि नेटकेपणाने करतो. गोऱ्या सोल्जरांसारखे राहता यावे म्हणून थंडीत कुडकुडतो, पण रजई घेत नाही. वाचायला शिकावे म्हणून बाबूच्या मुलाला दर धड्यामागे एक आणा देऊ करतो. छोटा आणि रामचरण या मित्रांत तो मोकळा असतो, हॉकी उत्तम खेळतो. हाच तरुण बाजारात जिलबी घेऊन चालताना एका सवर्णाला चुकून शिवतो. गर्दी जमते, शिव्यांचा भडिमार होतो, थप्पड बसते, जिलबी मातीत पडते. त्यानंतर तो आपण येत असल्याची आरोळी देत रस्त्याने चालू लागतो.

आता अंतर्मुख-बहिर्मुखाची जोडी इथे लावून पाहा. मैदानावरचा बखा एक उत्तर देईल, बाजारातला दुसरे. ज्याला गप्प राहायचे आहे त्याला रस्ता ओरडायला लावतो, आणि जिथे बोलायचे आहे तिथे तोंड बंद ठेवायला लावतो. मग ही आरोळी बहिर्मुखतेच्या खात्यात जमा करायची काय? 'लोकांत मिसळायला तुम्हांला आवडते का?' हा प्रश्न लोकांत मिसळण्याची मुभा असणाऱ्यालाच विचारता येतो.

'भावनाप्रधान' या शिक्क्याचेही तेच. थप्पड खाल्ल्यावर बखा नुसता तळमळत नाही. हे आपल्यालाच का, याचा तो माग काढतो. घाण उपसण्याचे काम आणि विटाळ यांचा संबंध जोडतो. आपण अस्पृश्य आहोत या शब्दाचा अर्थ त्याला तिथे उमगतो. हा विचार आहे. तो पुस्तकी भाषेत मांडलेला नाही म्हणून भावनेत ढकलणे हा वाचणाऱ्याचा दोष आहे. आणि 'संघर्ष टाळणारा'? बहीण सोहिनीची पुजाऱ्याने छेड काढल्याचे कळताच तो मूठ आवळून देवळाकडे धावतो. मध्येच थांबतो. त्याला थांबवणारी गोष्ट त्याच्या स्वभावात जन्मली नाही. पिढ्यान् पिढ्यांच्या दहशतीने ती तिथे रोवली आहे. दहशतीला स्वभाव म्हटले की दहशत बसवणारे सुटले.

या मापाची वंशावळही पाहण्याजोगी आहे. कार्ल युंग यांचा व्यक्तिमत्त्वप्रकारांवरील ग्रंथ १९२१ चा. त्याच्या आधारे अमेरिकेत कॅथरिन ब्रिग्ज आणि त्यांची कन्या इझाबेल मायर्स यांनी ही चाचणी घडवली. योग्य माणसाला योग्य काम मिळावे हा हेतू. चाचणी हाती घेण्यापूर्वी याच मायर्सबाईंनी १९३४ साली 'गिव्ह मी डेथ' ही रहस्यकथा लिहिली होती. तिच्यातील गोरे कुटुंब आपल्या रक्तात निग्रो रक्त आहे असे समजून आत्महत्या करू लागते. यावरून चाचणी वर्णद्वेषी ठरते असे मी म्हणत नाही. पण माणसांचे प्रकार पाडणाऱ्या मनाला माणसे जन्मावरून किती सहज विभागलेली दिसत होती, हे यातून कळते.

आपल्याकडे हा वाद जुना आहे. वर्ण जन्मावरून नाही, गुणावरून ठरावा, असे आर्यसमाजी म्हणत. १९३६ साली 'जातिनिर्मूलना'च्या निबंधात बाबासाहेबांनी त्याला उत्तर दिले ते प्लेटोचा दाखला घेऊन. प्लेटोने माणसे तीन वर्गांत बसवली. प्रत्येक माणूस वेगळा असतो, एकाच माणसात अनेक प्रवृत्ती नांदतात, हे त्याला दिसले नाही. आणि त्याच कारणाने चातुर्वर्ण्यही फसणारच, हा त्यांचा युक्तिवाद. तीनाऐवजी चार, चाराऐवजी सोळा खाने केले म्हणून तो युक्तिवाद लंगडा पडत नाही.

हा प्रश्न कादंबरीपुरता नाही. आज नोकरीच्या उंबरठ्यावर स्वभावचाचण्या घेतल्या जातात. पहिल्या पिढीतून शिकून आलेल्या मुलाच्या नावापुढे 'बुजरा', 'पुढाकार नाही' असे शेरे पडतात. माझ्याही पदरात असा शेरा पडला होता. ज्या खोलीत बापजाद्यांपैकी कोणी खुर्चीवर बसले नव्हते, त्या खोलीत मी आखडून बसलो होतो. घरी मला बडबड्या म्हणत.

मग बखाचा स्वभाव शोधायचाच नाही काय? अवश्य शोधावा. पण तो कोणासमोर कसा वागतो, कुठे मोकळा होतो, कुठे आक्रसतो आणि त्याला आक्रसायला कोण लावतो, हे प्रसंगाप्रसंगाने नोंदवत शोधावा. आनंद स्वतः अस्पृश्य समाजातले नव्हते. त्यांचा बखा काही ठिकाणी फारच दुरून रेखाटलेला आहे, आणि त्याचीही झडती घ्यायला हवी. मात्र शेवटच्या भागात त्यांनी एक गोष्ट नेमकी टिपली आहे. मिशनरी हचिन्सनला बखात तारण्याजोगा आत्मा दिसतो, गांधींच्या सभेत त्याला 'हरिजन' हे नाव मिळते, आणि फ्लशचा संडास आला की याची सुटका होईल असे कवीला वाटते. प्रत्येकाजवळ बखासाठी खाना तयार आहे. तुला काय हवे, असे त्यांच्यापैकी एकही जण त्याला विचारत नाही. विद्यार्थ्यांनी पुढचे उत्तर लिहिताना सुरुवात या प्रश्नापासून करावी.