‘स्मृतिचित्रें’ आणि स्वतःची किंमत

आत्मचरित्र लिहिणारा मनुष्य बहुधा एखाद्या न्यायासनासमोर उभा असल्यासारखा बोलतो. आपण काय केलें, किती सोसलें आणि लोकांनीं अखेरीस किती मान दिला, याची साक्ष तो वाचकांपुढें ठेवतो व अनुकूल निकालाची वाट पाहतो. लक्ष्मीबाई टिळकांचा ‘स्मृतिचित्रें’ (१९३४-३६) हा ग्रंथ या न्यायासनासमोर येतच नाहीं. त्यांतील विनोदाची स्तुति पुष्कळ झाली आहे. परंतु तो विनोद मनाच्या कोणत्या अवस्थेंतून येतो, हें पाहणें आम्हांस अधिक अगत्याचें वाटतें.

सांगण्याजोग्या कर्तृत्वाची लक्ष्मीबाईंस वाण नव्हती. शाळेंत न गेलेल्या या बाई लग्नानंतर लिहूं-वाचूं लागल्या, कविता करूं लागल्या; प्लेगच्या दिवसांत त्यांनीं रोग्यांची शुश्रूषा केली; १९१९ सालीं रेव्हरंड टिळक वारल्यावर त्यांचें अपुरें राहिलेलें ‘ख्रिस्तायन’ पुरें केलें. दुसऱ्या कोणी यांतील एकेका गोष्टीवर अभिमानाचा मनोरा उभारला असता. लक्ष्मीबाई मात्र रमतात त्या स्वतःच्या फजित्यांत, पतीशीं झालेल्या भांडणांत आणि टिळकांच्या औदार्यापायीं रित्या झालेल्या डब्यांत.

स्वतःला हंसणारे लेखक दुसरेहि आहेत. पण पुष्कळांच्या हंसण्यामागें एक विनवणी असते: आम्ही स्वतःला कमी म्हणतों, तुम्ही तसें म्हणूं नका! लक्ष्मीबाईंच्या हंसण्यांत ही विनवणी नाहीं, तसा आत्मधिक्कारहि नाहीं.

याची खरी कसोटी धर्मांतराच्या प्रकरणांत लागते. १८९५ सालीं टिळक ख्रिस्ती झाले. लक्ष्मीबाई कांहीं वर्षें त्यांच्यापासून दूर राहिल्या. पुढें एकत्र राहूं लागल्यावरहि त्यांनीं आपलें सोंवळें सोडलें नाहीं. जातिभेद ईश्वरानें केला कीं मनुष्यानें, हा प्रश्न जेव्हां त्यांच्याच मनानें सोडविला, तेव्हां त्या कोणाच्याहि हातचें खाण्यास तयार झाल्या. हा निर्णय पतीला खूष करण्यासाठीं नव्हता, आणि नातलगांच्या धाकानें तो अडलाहि नाहीं. त्याहून विशेष हें कीं, सोंवळें पाळणाऱ्या पूर्वीच्या लक्ष्मीचा नंतरच्या लक्ष्मीबाई कोठेंहि तिरस्कार करीत नाहींत. दोघींकडे त्या सारख्याच मायेनें पाहतात.

म्हणूनच अक्षरशून्य मुलीची ग्रंथकर्त्री कशी झाली, एवढीच या पुस्तकाची कथा आहे असें मानणें आम्हांस मान्य नाहीं. तें वाचन सुशिक्षित घरांत सोयीचें वाटतें, कारण त्यांत एक जिना आहे आणि वरच्या पायरीवर बक्षीस आहे. परंतु खालच्या पायरीवरची मुलगी लक्ष्मीबाईंस कवडीमोल वाटली असती, तर आरंभीचीं प्रकरणें इतकीं जिवंत झालींच नसतीं.

कोणी म्हणेल कीं, टिळकांच्या कीर्तीमुळेंच या आठवणींस वाचक मिळाले. टिळकांच्या चरित्राची सामग्री म्हणून हें लेखन सुरू झालें, हें खरें. उत्तरार्धांत प्रसंगांची दाटी होऊन आरंभींचा रेखीवपणा कांहींसा उणावतो, हेंहि आम्ही मान्य करतों. तथापि पुस्तक मिटल्यावर मनांत राहतो तो लक्ष्मीबाईंचाच आवाज. आणि त्या आवाजानें तो ऐकला जावा म्हणून कोणाची मर्जी धरलेली नाहीं.

आपल्या घरांतून मुलांची किंमत परीक्षेच्या निकालानें आणि सुनांची चारचौघांच्या शब्दानें ठरविण्याची चाल अद्याप गेलेली नाहीं. ज्या घरीं ही चाल चालू आहे, तेथें हा ग्रंथ मोठ्यानें वाचावा. मुलें हंसतील, वडीलमंडळींस हंसतां हंसतां थोडें थांबावें लागेल.