परचित्तज्ञान आणि ईश्वरश्रद्धा

नोरेंझायान प्रभृतींनी २०१२ मध्ये असे प्रतिपादिले की, परचित्त जाणण्याची शक्ती उणी असल्यास व्यक्तिरूप ईश्वरावरील श्रद्धाही मंदावते. स्वमग्नता हे त्यांचे प्रमुख प्रमाण. २०१७ च्या नव्या अन्वेषणात हा संबंध फारसा टिकला नाही. परंतु खरा आक्षेप मुळाशीच आहे. तेराव्या शतकात चक्रधर बेलापुराहून उत्तरापंथास गेल्यावर नागदेवादी शिष्य ऋद्धिपुरास गोविंदप्रभूंच्या सेवेत राहिले. ज्यांच्या चेष्टांचा हेतू न कळल्याने लोक ज्यांना वेडे म्हणत, तेच या शिष्यांचे परमेश्वर! (गोविंदप्रभूंना आज स्वमग्न ठरविणे हा मात्र कालविपर्यास होय.) म्हाइंभटांच्या चरित्रात चित्ताच्या उलगड्याहून सन्निधान व सेवा यांचेच मोल अधिक. मग परचित्तज्ञान हेच श्रद्धेचे द्वार कसे मानावे? तसे मानल्यास, देवघरात रोज नेमाने फुले मांडणारे स्वमग्न मूलही परीक्षेवाचून नास्तिक ठरेल.